‘झेल्डा’तलं ऊन आणि नागपूरचा कूलर
‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) गेरुडोच्या वाळवंटात दिवसा ऊन, रात्री थंडी लिंकचा जीव घेते. पडद्यावर तापमापी असते. योग्य कपडे घाला, की प्रश्न मिटला. पाठीवर बर्फाची तलवार असली तरी काटा उतरतो.

नियम मस्त आहेत, पण एक चल गायब आहे: आर्द्रता. मेमधल्या कोरड्या ४५ अंशांत आपला कूलर खोली गार करतो. पावसाळ्यात पारा उतरूनही तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो. शरीराचंही तेच. घाम वाळला तरच उष्णता बाहेर जाते. म्हणून संशोधक वेट बल्ब तापमान बघतात.

शिवाय लिंक धावला काय, बसला काय, ऊन सारखंच लागतं. बांधकामावरच्या मजुराचं तसं नसतं. कुठलंही प्रारूप वाचताना आधी विचारा: यात कोण मोजलंच नाही?