अपराजित राहण्याची किंमत

१९४३च्या फेब्रुवारीत शुगर रे रॉबिन्सन तीनदा रिंगमध्ये उतरला. ५ तारखेला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने त्याला हरवलं. व्यावसायिक कारकिर्दीतला तो त्याचा पहिलाच पराभव. १९ला त्याने जॅकी विल्सनला नमवलं आणि २६ला त्याच डेट्रॉइटमध्ये लामोटाला पुन्हा गाठून हिशेब चुकता केला. आज अव्वल बॉक्सर वर्षातून दोनदा लढला तरी पुष्कळ झालं असं मानतात.

व्यावसायिक बॉक्सिंगला उतरती कळा लागली का, या प्रश्नाचं उत्तर मला या तीन तारखांत दिसतं. गुणवान बॉक्सर आटलेले नाहीत. नाओया इनोउएचा यकृतावर बसणारा डावा ठोसा, टेरेन्स क्रॉफर्डचं लढत चालू असताना उजव्याचं डावखुरं होणं, ओलेक्सांद्र उसिकचं पदलालित्य कोणत्याही काळात उठून दिसलं असतं. आटली आहे ती लढत.

रॉबिन्सन सुमारे दोनशे लढती लढला, विली पेप दोनशे चाळीसच्या वर. फ्लॉइड मेवेदर पन्नास लढतींनंतर अपराजित निवृत्त झाला. तो असामान्य बचावपटू होता यात शंका नाही. पण त्याच्यानंतर नोंदीतलं पराभवांच्या रकान्यातलं शून्य हेच बॉक्सरचं भांडवल होऊन बसलं आणि प्रवर्तक ते तळहातावरच्या फोडासारखं जपू लागले. मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीची बोलणी २००९मध्ये सुरू झाली, लढत झाली २ मे २०१५ला. तोवर एक ३८ वर्षांचा, दुसरा ३६चा. अमेरिकेत ती विक्रमी संख्येने पैसे मोजून पाहिली गेली आणि बहुतेकांची निराशा झाली.

याउलट १९८०च्या दशकातले लेनर्ड, हॅगलर, हर्न्स आणि दुरान. दहा वर्षांत ते आपसांत नऊ वेळा लढले. प्रत्येक जण या चौघांपैकी कुणाकडून तरी हरला आणि हरल्यामुळे कुणाचंच नाव खाली आलं नाही. आज आपापला विजेता ठरवणाऱ्या चार संघटना आणि सतरा वजनगट असल्यामुळे दुसऱ्या विजेत्याच्या वाऱ्यालाही उभं न राहता वर्षानुवर्षं 'जगज्जेता' म्हणून मिरवता येतं. एके काळी वजनगट आठच होते. १९३८मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे त्यातल्या तीन गटांची जेतेपदं एकाच वेळी होती.

लढती घटल्या तसं शिक्षणही रोडावलं. अंगाला अंग भिडल्यावर खांद्याने जागा काढणं, ठोशाचं आमिष दाखवून समोरच्याचा हात खाली आणणं, दमलेलो आहोत हे लपवत फेरी काढणं या गोष्टी सरावात पुऱ्या उतरत नाहीत. हौशी बॉक्सिंगमध्ये शेकडो लढती लढून आलेल्या युक्रेनच्या उसिक आणि लोमाचेंकोला त्या अवगत आहेत. अमेरिकेत मात्र तो झराही आटला. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने पाच सुवर्णपदकं जिंकली होती. २००४मधल्या आंद्रे वॉर्डनंतर अमेरिकी पुरुषांना एकही सुवर्ण मिळालेलं नाही.

म्हणून जुने दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मात्र मी म्हणणार नाही. चार्ली बर्लीसारख्या थोर कृष्णवर्णीय बॉक्सरला जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. १९६२मध्ये बेनी पॅरेटचा, १९८२मध्ये किम दुक-कू याचा रिंगमधल्या माराने जीव गेला. किमच्या मृत्यूनंतर जेतेपदाच्या पंधरा फेऱ्या बारावर येऊ लागल्या, हे योग्यच झालं. खुद्द रॉबिन्सनची स्मृती उतारवयात गेली होती. महिन्यात तीन लढती कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. पण बरोबरीच्या माणसाशी लढणं टाळण्याला आरोग्याचं कारण नाही, ते निव्वळ हिशेबाचं आहे.

हा हिशेब अलीकडे रियाधमध्ये सौदी पैशाने मोडला. एकाच तिजोरीवर खेळ विसंबून राहावा याची मला धास्ती वाटते, तरी तिथे जे पाहायला मिळालं ते नाकारता येत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये आर्तुर बेतेरबिएव आणि दिमित्री बिवोल हे दोन अपराजित विजेते समोरासमोर आले. पंचांच्या निसटत्या कौलाने बिवोल हरला. चारच महिन्यांनी तो त्याच माणसासमोर पुन्हा उभा राहिला. सुरुवातीचा मारा त्याने सोसला आणि पहिल्या लढतीत जिथे त्याची पकड सुटली होती, त्याच शेवटच्या फेऱ्यांत त्याने लढत हातात घेतली.