आतिथ्य आणि सहभाग : आद्य ख्रिस्ती वाङ्मयातील एक ताण

ख्रिस्ती नीतिविचाराची चर्चा करताना आतिथ्य आणि समाजबंध या दोन कल्पना बहुधा एकाच दमात उच्चारल्या जातात. परक्याचे स्वागत करणारा समाज तोच खरा ख्रिस्ती समाज, अशी सोपी समजूत त्यामागे असते. मूळ वाङ्मयाचे बारकाईने वाचन केल्यास मात्र ही दोन भिन्न कर्तव्ये असून ती पुष्कळदा परस्परांच्या आड येतात, असे दिसून येते. त्यांच्यातील ताण हाच या वाङ्मयाचा जिवंत भाग होय.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. नव्या करारात आतिथ्यासाठी ‘फिलोक्सेनिया’ ही ग्रीक संज्ञा येते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या आणि इब्रीकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात ती आढळते. तिच्यातील ‘क्सेनोस’ या पदाचे परका आणि पाहुणा असे दोन्ही अर्थ होतात. समाजबंधासाठी मात्र ‘कोइनोनिया’ ही निराळी संज्ञा असून सामाईकपणा, वाटेकरी असणे हा तिचा मूलार्थ आहे. आतिथ्यात घर एकाचे असते आणि दुसरा उंबरठा ओलांडून आत येतो. सहभागात घर कोणा एकाचे नसते. म्हणजे आतिथ्याला यजमान लागतो, तर सहभागात यजमानपण विरून जावे लागते. आपल्याकडील ‘अतिथी’ या शब्दाचे स्पष्टीकरण परंपरा ‘ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो’ असे करते. त्यातही येणारा पुन्हा जाणारच, हे गृहीत आहे. जो जात नाही त्याचे काय, हा प्रश्न आतिथ्यधर्माच्या कक्षेबाहेरचा आहे.

लूकच्या शुभवर्तमानात भोजनप्रसंग वारंवार येतात, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. चौदाव्या अध्यायात येशू यजमानाला सुचवितो की, परतफेड करू शकणाऱ्या आप्तांना व धनिकांना न बोलाविता दरिद्री, पंगू आणि अंध यांना बोलवावे. देवघेवीच्या साखळीत गुंतलेल्या प्राचीन आतिथ्यावरील ही मर्मग्राही टीका होय. तथापि येथेही यजमान यजमानच राहतो. दरिद्री मनुष्य त्याच्या औदार्याचा विषय होतो, एवढेच. याच्या पुढे जाणारा प्रसंग चोविसाव्या अध्यायात आहे. अम्माऊसच्या वाटेवर भेटलेल्या अनोळखी वाटसरूला दोघे शिष्य आग्रहाने मुक्कामाला ठेवतात. पण पानावर बसल्यावर तो पाहुणाच भाकर हाती घेऊन मोडतो आणि त्यांना देतो. पाहुण्याने यजमानाची कृती करावी आणि त्या कृतीतच त्याची ओळख पटावी, या रचनेत लूकने आतिथ्याकडून सहभागाकडे जाणारी वाट कथारूपाने दाखविली आहे.

प्रत्यक्ष समाजजीवनात ही वाट किती बिकट होती, याची साक्ष पौलाची पत्रे देतात. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील अंत्युखियाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. तेथे पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसत असे. पण याकोबाकडील माणसे येताच तो मागे सरला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. वाद तत्त्वाचा असला तरी तो पेटला पंक्तीवरून, हे ध्यानात घेतले पाहिजे. करिंथ येथील मंडळीत भेद वंशाचा नव्हता, संपत्तीचा होता. सुस्थितीतील लोक आधी जेवून तृप्त होत आणि इतर उपाशी राहत, अशी पौलाची तक्रार पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. रोमन पद्धतीच्या भोजनकक्षात साधारणतः 9 जणांची सोय असे. उरलेल्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागत असावे, असा तर्क काही आधुनिक अभ्यासकांनी केला आहे. तर्क बाजूला ठेवला, तरी एवढे उघड आहे की मंडळी ज्याच्या घरी जमे तो तिला आपले पाहुणे समजत होता, आणि पौलाला ती एक शरीर व्हावयास हवी होती. या प्रकरणाच्या अखेरीस पौल जे क्रियापद योजतो त्याचा अर्थ बहुतेक भाषांतरांत एकमेकांची वाट पाहणे असा केला जातो. काही अभ्यासक तो एकमेकांचे स्वागत करणे असा घेतात. हा दुसरा अर्थ ग्राह्य धरल्यास उपदेशाचे स्वरूपच पालटते : प्रत्येक जण यजमान व्हावा आणि प्रत्येक जण पाहुणाही व्हावा.

‘दिदाखे’ या लहानशा ग्रंथाचे महत्त्व या संदर्भात विशेष आहे. इ. स. 1056 मध्ये लिहिलेले त्याचे हस्तलिखित फिलोथेओस ब्र्येन्निओस यांना 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि त्यांनी ते 1883 मध्ये प्रसिद्ध केले. ग्रंथ मात्र पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानला जातो. त्याच्या नियमांनुसार फिरत्या प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला किंवा पैसे मागू लागला तर तो खोटा समजावा. सामान्य वाटसरूला दोन-तीन दिवस आश्रय द्यावा; त्याला कायम राहावयाचे असेल तर त्याने आपल्या कसबावर पोट भरावे. हे नियम वरकरणी कृपण वाटतात. दुसऱ्या शतकात लूकियानने पेरेग्रिनस नामक भोंदूची जी कथा रंगविली, तीत ख्रिस्ती मंडळींच्या भोळ्या औदार्याचीच चेष्टा आहे. तेव्हा सावधगिरीला कारण होते. परंतु केवळ सावधगिरी म्हणून या नियमांकडे पाहणे अपुरे होय. परक्याने कायमचा आश्रित होऊ नये, काम करून बरोबरीचा वाटेकरी व्हावे, असा या मर्यादेचा दुसरा अर्थ आहे. येथे मर्यादाच सहभागाचे दार उघडते.

चौथ्या शतकात आतिथ्याला संस्थेचे रूप आले. कप्पदोकियातील कैसरिया येथे बासिल याने आजारी, दरिद्री आणि वाटसरू यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले. हे कार्य थोर होते यात संशय नाही. पण संस्थेमुळे घराचे कर्तव्य संपते का, हा प्रश्न योहान ख्रिसोस्तोम याने प्रेषितांच्या कृत्यांवरील एका प्रवचनात उपस्थित केला. मंडळीचे पथिकाश्रम असले तरी प्रत्येकाने आपल्या घरात परक्यासाठी एक खोली राखावी, असा त्याचा आग्रह होता. दान परस्पर दिले गेले की देणारा आणि घेणारा यांची गाठ पडत नाही, हे त्याने अचूक ओळखले होते.

सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमावलीत हा ताण सर्वांत स्पष्ट दिसतो. तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचा स्वीकार साक्षात ख्रिस्त समजून करावा, असे विधान आहे. पाहुण्यांचे पाय धुवावेत, दरिद्री आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंताचा दबदबा आपला मान आपणच मिळवून घेतो, अशी त्याची भूमिका आहे. तथापि त्याच प्रकरणात पाहुण्यांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवावे आणि नेमलेल्याखेरीज अन्य साधूने पाहुण्यांशी संभाषण करू नये, असेही नियम आहेत. यात विसंगती पाहण्याचा मोह होतो. पण साधुसमाजाचे दैनंदिन सहजीवन जितके घट्ट, तितके त्याचे कुंपण उंच, हा सर्वच समाजांचा अनुभव आहे. बेनेडिक्टचा प्रामाणिकपणा असा की त्याने दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात लिहिल्या.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या प्रश्नाला जातीचे परिमाण मिळाले. गोव्यातील ख्रिस्ती मंडळींच्या कित्येक कॉन्फ्रारियांचे सभासदत्व दीर्घकाळ जातीवर आधारलेले होते. म्हणजे बाप्तिस्म्याने दार उघडले, पण पंगत उघडली नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीने 1895 मध्ये धर्मांतर केल्यानंतर सोवळे, पाणी आणि अन्न यांविषयीचा जो दीर्घ अंतर्गत झगडा आला आहे, तो याच कारणाने केवळ कौटुंबिक वृत्तान्त राहत नाही. त्यांच्या ठायी पंक्तिभेदाचे विसर्जन हे मतपरिवर्तनाचे बाह्य चिन्ह नसून त्याचा गाभा आहे. ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे हा प्रयोग पुरेसा कसोटीला लागला नाही. परंतु त्याचा रोख स्पष्ट होता : उंबरठाच पुसून टाकावा. उंबरठा पुसल्यावर समाजाला आकार कशाने राहील, हा ‘दिदाखे’ने हाताळलेला प्रश्न मात्र तेथे अनुत्तरित राहतो.

सारांश, निव्वळ आतिथ्य परक्याला कायमचा पाहुणा ठेवते आणि निव्वळ सहभाग परक्याला बाहेरच ठेवतो. ख्रिस्ती वाङ्मयातील श्रेष्ठ स्थळे ती, जिथे या दोहोंपैकी एक दुसऱ्याची चूक दुरुस्त करते. एखाद्या समाजाच्या आतिथ्याचे मोल ठरविताना त्याने किती जणांना जेवू घातले हे विचारून भागत नाही. जेवलेल्यांपैकी किती जणांना पुढे वाढण्याचा अधिकार मिळाला, हेही विचारावे लागते.