दुखावलेल्या भावना आणि उसने विज्ञान

‘आमच्या भावना दुखावल्या’ हे वाक्य मला आयुष्यात दोनदा तोंडावर ऐकावे लागले. पहिल्यांदा १९९५ साली, आणि दुसऱ्यांदा गेल्या पावसाळ्यात, आमच्या कात्रपच्या विहारात. पहिल्या वेळी बोलणारे परके होते. दुसऱ्या वेळी बोलणारा आमच्याच वस्तीतला, माझ्याच वर्गात शिकलेला मुलगा होता. पहिल्या वेळी मी चिडलो होतो. दुसऱ्या वेळी मला रात्रभर झोप लागली नाही.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली. मी तेव्हा एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात एक वीट ठेवली, चमच्यातल्या दुधात लाल शाई टाकली आणि चमचा विटेच्या कडेला टेकवला. दूध विटेवरून पातळ ओघळाने खाली उतरताना मुलांनी डोळ्यांनी पाहिले. पृष्ठताण म्हणजे काय, केशाकर्षण म्हणजे काय, हे मी सांगितले. शास्त्रज्ञही त्या दिवसांत हेच सांगत होते. पण जाता जाता मी बोलून गेलो की, आज आपल्या विटेलाही भूक लागलेली दिसते. मुले हसली. तिसऱ्या दिवशी पालक आले. प्रयोगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विनोदाबद्दल मात्र माझ्याकडून माफी लिहून घेतली गेली. मी ती लिहून दिली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट याच्या उलट आहे. विहारात या मुलाने भाषण केले. अणूचा शोध मुळात तथागतांनी लावला, आइन्स्टाइनने ते कबूल करून बौद्ध धम्मच उद्याच्या जगाचा धर्म असे लिहून ठेवले, आणि परदेशातल्या विद्यापीठाने जगातल्या विद्वानांची यादी केली तिच्यात बाबासाहेब पहिले आले, असे सगळे त्याने एका दमात सांगितले. टाळ्या पडल्या. मी हसलो. हसायला नको होते असे आज वाटते, पण हसलो खरा. “सर, तुम्ही आमच्या भावना दुखावल्यात,” तो सर्वांसमोर म्हणाला. आइन्स्टाइनच्या नावावरचे ते वाक्य त्याच्या लिखाणात कुणाला सापडलेले नाही, ती यादीही बनावट आहे, हे मी नंतर सांगत बसलो. तोवर लोक उठले होते.

धर्माची थट्टा आणि आमची परंपरा यांचे नाते काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली आले. त्यात धोंडीबा आणि जोतीराव यांचा जो संवाद आहे, त्याची पहिली पाने म्हणजे मराठीतला धर्मावरचा सर्वांत निर्भय विनोद होय. ब्रह्मदेवाच्या चार अवयवांपासून चार वर्ण जन्मले ना, मग त्या चारही ठिकाणांचा विटाळ त्याने कसा पाळला, असा तो प्रश्न आहे. मासा आणि माणूस यांच्या जननाची तुलना करून मत्स्यावताराची तीच गत केली आहे. हा विनोद आहे आणि शरीरशास्त्रही आहे. जोतीराव शास्त्र वापरतात ते पोथीचा दावा तपासण्यासाठी. पोथीला शास्त्राचे प्रमाणपत्र मिळवून देण्यासाठी ते वापरत नाहीत. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये थट्टा कमी आणि जाबजबाब जास्त आहे. वसंत मून यांनी संपादिलेल्या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात महाराष्ट्र शासनाने तो १९८७ साली छापला आणि राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून भावना दुखावल्याचा गदारोळ उठला. जानेवारी १९८८ मध्ये शिवसेनेने मुंबईत मोर्चा काढला. ५ फेब्रुवारीला आमचा विराट मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिले, पण या मतांशी शासन सहमत नाही अशी तळटीप त्याला चिकटली. ज्याने राज्यघटनेचा मसुदा लिहिला त्याच्या शब्दांना त्याच घटनेखाली चालणाऱ्या सरकारने तळटीप लावावी, यापेक्षा मोठा विनोद कुठल्या तमाशातल्या सोंगाड्याला सुचला असता?

धर्मभावनेचे कलम २९५-अ हे १९२७ सालचे. लाहोरच्या एका टवाळखोर पुस्तिकेवरून उठलेल्या वादळातून ते जन्मले. २०१२ साली विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले, तेव्हा ते तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून झिरपते आहे असे सनल एडामारुकू यांनी दाखवून दिले. त्यांच्यावर याच कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्यांना फिनलंड गाठावे लागले. इकडे आमच्या खाण्यावर, बोलीवर, आडनावांवर रचलेल्या म्हणी गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या खपल्या. त्यांनी कुणाची भावना दुखावते असे कुणाला वाटले नाही. आम्हाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मिळवावा लागला. त्यातही शब्द अपमान हा आहे. भावना ही ज्याच्याकडे आधीपासून सत्ता आहे त्याची मिरास असते.

पण हे म्हणताना मला २०१२ च्या मे महिन्याकडे पाठ फिरवता येत नाही. शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते. घटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे दोन्ही सल्लागार राजीनामा देऊन बाहेर पडले आणि सुहास पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोड करणारे आमचे होते. वर्गातल्या चाळीस मुलांत एकट्या दलित मुलाला ते चित्र कसे दिसत असेल, हा प्रश्न खरा होता, आणि आम्हाला विनोदबुद्धी नाही म्हणून हिणवणाऱ्या पंडितांनी तो विचारलाच नाही. तरीही जोतीरावांच्या वारसांनी व्यंगचित्राला उत्तर द्यायचे ते खुर्च्या फोडून नव्हे. चित्राशेजारी आणखी एक पान मागता आले असते.

आता उसन्या विज्ञानाकडे येऊ. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन विमानांवर निबंध वाचला. त्याचा आधार होता ‘वैमानिक शास्त्र’. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवले होते की, तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत. त्या निबंधाने ऋषींची जेवढी थट्टा झाली तेवढी कुणा नास्तिकाला जमली नसती. पण त्याबद्दल कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. कारण ती थट्टा स्तुतीच्या सुरात होती.

आमच्या विहारात त्या दिवशी झाले ते हेच. मुलाने नंतर मला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा दाखला दिला: जे बुद्धिसंगत ते बुद्धवचन मानता येते असे बाबासाहेबच सांगतात, मग अणू बुद्धिसंगत नाही का? मुद्दा बिनतोड वाटेल. पण ती कसोटी पदरी आलेल्या वचनांतला कचरा चाळण्यासाठी आहे, नवी वचने भरण्यासाठी नाही. आणि तिच्यालगतच दुसरी कसोटी आहे: ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध नाही त्या चर्चेत बुद्ध पडले नाहीत. अणूची गोष्ट तिथेच गळून पडते. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची कथा नाकारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नव्हते, हे त्यांना पटत नाही. त्याजागी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा ठेवतात. आपल्याच शास्त्याच्या चरित्राला त्यांनी असा प्रश्न विचारला, आणि आम्ही मात्र टाळ्यांसाठी आइन्स्टाइनच्या सहीची खोटी चिठ्ठी आणतो.

हे सगळे मी त्याला सांगितले. १९९५ ची गोष्टही सांगितली. त्याने एवढेच विचारले, “सर, तुम्ही माफी का लिहून दिलीत?” नोकरी होती, घरात दोन लहान मुले होती, असे मी म्हणालो. तो काही बोलला नाही. येत्या रविवारी विहारात रोहिणीच्या पाण्याचा भाग वाचायचा आहे. वाचणार तोच आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला मध्येच बसवायचे नाही असे त्याने समितीकडून कबूल करून घेतले आहे.