तसबीर आणि सन्मान

सोलापूरच्या चार हुतात्म्यांची मूर्तिरूप स्मृती ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चौघे जातिधर्माने निरनिराळे. परंतु १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेलेल्या या चौघांचे स्मरण शहर एकत्रच करते. सन्मान करताना या गावाने कुळ पाहिले नाही, कार्य पाहिले. हीच कसोटी आज एका नव्या प्रश्नास लावून पाहावीशी वाटते. केवळ लिंगभावामुळे वा प्रेमाच्या ओढीमुळे ज्यांस समाजाने पंक्तीबाहेर बसविले, त्यांच्यातील पुढाऱ्यांच्या तसबिरी कशा रंगवाव्यात?

हा प्रश्न केवळ काल्पनिक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. आणि २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातीलच, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ या गावाने ज्ञानेश्वर कांबळे ऊर्फ माउली यांस थेट मतदानाने सरपंच निवडले. न्यायालयाने जे कागदावर दिले, त्यास एका खेड्याने कारभाराची खुर्ची दिली. अशा व्यक्तीचे चित्र काढू पाहणाऱ्या चित्रकाराच्या वाटेत दोन खड्डे आहेत: एक कुतूहलाचा, दुसरा दयेचा. पहिल्यात पडलेला चित्रकार साडी, कुंकू आणि काजळ रंगवितो व माणूस विसरतो. दुसऱ्यात पडलेला डोळ्यांत पाणी रंगवितो व कर्तृत्व विसरतो.

हे दोन्ही खड्डे चुकविलेले एक चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. रॉजर फ्राय याने १८९४ साली काढलेले ते एडवर्ड कार्पेंटरचे तैलचित्र होय. समलिंगी प्रेमाची बाजू इंग्लंडात निर्भयपणे मांडणाऱ्या या लेखकाने आपला देशही पाहिला होता. १८९२ सालच्या त्याच्या प्रवासग्रंथाच्या शीर्षकातच आपली घारापुरी आहे. चित्रात तो अंगात लांब, गडद कोट घालून उभा आहे. खोली साधी, मागे आरसा. त्याच्या मतांची खूण म्हणून कोणतेही चिन्ह त्याच्या हाती दिलेले नाही. पुढच्याच वर्षी ऑस्कर वाइल्ड यास त्याच देशात तुरुंगात धाडण्यात आले, हे आठवले म्हणजे त्या साध्या उभे राहण्याचे मोल कळते. फ्रायने मताचे चित्र काढले नाही. मत बाळगणाऱ्या माणसाचे काढले.

आपल्या देशात याच्या उलट टोकाचा, पण तितकाच धीट प्रयत्न पूर्णिमा सुकुमार यांनी २०१६ साली बंगळूर येथे सुरू केलेल्या 'अरवाणी आर्ट प्रोजेक्ट'चा आहे. तेथे तृतीयपंथी स्त्रिया स्वतःच कुंचला हाती घेऊन शहराच्या भिंती रंगवितात. ज्यांच्याकडे पाहून लोक मान वळवीत, त्यांचेच मोठाले चेहरे रस्त्यावरून जाणाऱ्याकडे रोखून पाहू लागतात. हे यश लहान नव्हे. तथापि प्रस्तुत लेखकास येथे एक उणीव भासते. भिंतीवरचा अनामिक चेहरा समूहास धीर देतो, परंतु पुढाऱ्याचा सन्मान नावावाचून पुरा होत नाही. हुतात्म्यांची नावे पुसून नुसते चार चेहरे ठेविले असते, तर सोलापूरकरांस ते रुचले असते काय?

म्हणून माउलींची तसबीर कोणी रंगविलीच, तर तीत फ्रायचा संयम असावा आणि त्या भिंतींवरील निर्भय नजर असावी. समोर गावच्या कामाचे कागद असावेत, खाली पूर्ण नाव व निवडीचे साल असावे. आणि ती वेगळ्या दालनात न लावता, इतर सरपंचांच्या रांगेत, त्याच उंचीवर लावावी. चित्र चांगले की वाईट, याचा निम्मा निवाडा ते कोठे टांगले आहे यावरच होत असतो.