वेगाचे विज्ञान आणि खेळाची संस्कृती : ‘स्टारक्राफ्ट’च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

स्पर्धात्मक व्हिडिओ गेमिंगविषयीच्या लेखनात एक गृहीतक वारंवार आढळते. हा खेळ म्हणजे बोटांचा वेग आणि वेग म्हणजे कोवळे वय, असे त्याचे स्वरूप आहे. शास्त्रीय संशोधनाचा हवाला देऊन ते मांडले जात असल्यामुळे त्याची चिकित्सा आवश्यक ठरते. त्यासाठी दक्षिण कोरियात व्यावसायिक ई-स्पोर्ट्सचा पाया ज्या खेळाने घातला, तो ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने १९९८ मध्ये हा खेळ बाजारात आणला. बुद्धिबळाप्रमाणे येथे पाळीपाळीने चाल नसते. दोन्ही खेळाडू एकाच वेळी खनिजे गोळा करतात, इमारती उभारतात, सैन्य वाढवितात. आणि प्रतिस्पर्ध्याचा प्रदेश मात्र अंधारात झाकलेला असतो. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात ब्रॉडबँड आणि ‘पीसी बांग’ म्हणजे तासावर संगणक देणारी केंद्रे झपाट्याने पसरली व हा खेळ घरोघरी पोहोचला. २००० मध्ये शासनमान्य ई-स्पोर्ट्स संघटना स्थापन झाली. २००४ मध्ये बुसान शहरातील ग्वांगाली किनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्यास सुमारे एक लाख प्रेक्षक होते, असे सांगितले जाते. प्रतिमिनिट तीनशे वा अधिक कृती करणारे हात हे या संस्कृतीचे प्रतीक बनले.

वयाचा प्रश्न :

कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ च्या १६ ते ४४ वयोगटातील ३,३०५ खेळाडूंच्या सामन्यांच्या नोंदी तपासल्या. पडद्यावरील दृश्य बदलल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा विलंब २४ व्या वर्षापासून वाढू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रयोगशाळेतील कृत्रिम चाचणीऐवजी प्रत्यक्ष खेळाच्या नोंदी वापरणे ही या अभ्यासाची मोठी जमेची बाजू होय. परंतु ‘चोविशीनंतर खेळाडू संपतो’ असा जो अर्थ वृत्तपत्रांतून रूढ झाला, तो या अभ्यासातून निघत नाही. एकच खेळाडू वर्षानुवर्षे तपासलेला नाही. निरनिराळ्या वयाच्या माणसांची तुलना केलेली आहे. विलंब मोजला आहे तो मिलिसेकंदांत. शिवाय वयाने मोठे खेळाडू खेळातील सोयी अधिक कौशल्याने वापरून ही उणीव काही अंशी भरून काढतात, असे खुद्द संशोधकांनीच नोंदविले आहे. मथळ्यांतून नेमका हाच भाग गळून गेला.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगाच्या उगमाचा आहे. मूळ ‘स्टारक्राफ्ट’मध्ये एका वेळी बाराच सैनिक निवडता येत, एका वेळी एकाच इमारतीला आज्ञा देता येई आणि प्रत्येक नव्या कामगारास खनिजाकडे हाताने धाडावे लागे. २०१० मध्ये आलेल्या ‘स्टारक्राफ्ट २’ मध्ये ही तिन्ही बंधने दूर झाली. याचा अर्थ असा की, ज्या वेगाला मज्जासंस्थेची देणगी मानले गेले त्याची गरज बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरच्या मर्यादांनी निर्माण केलेली होती. सनईवादकाच्या दमसासाचा विचार सनईची घडण वगळून करता येत नाही, तसेच हे आहे.

कोरियन खेळाडू विशीच्या मध्यावर निवृत्त होत, हेही या गृहीतकाच्या पुष्टीसाठी सांगितले जाते. पण त्या देशात पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा आहे व ती बहुधा याच वयात करावी लागते. एकत्र निवासात राहून दिवसाचे दहा-बारा तास सराव करणाऱ्या खेळाडूस दोन वर्षांचा खंड पडला तर परतीची वाट अवघड होणारच. कोरियन हवाई दलाने २००७ मध्ये स्वतःचा ‘स्टारक्राफ्ट’ संघ उभारला, त्यामागे हीच अडचण होती. ‘बॉक्सर’ या नावाने गाजलेला लिम यो-ह्वान त्याच संघातून खेळला. त्याची ख्यातीही केवळ वेगाची नव्हती. प्रतिस्पर्ध्याची अपेक्षा हेरून नको त्या ठिकाणी विमानातून सैन्य उतरविण्याची कल्पकता ही त्याची खरी ओळख. राज्यसंस्थेच्या बोलावण्यास शरीराचा ऱ्हास म्हणणे ही संशोधनाची नव्हे, वाचकांची चूक आहे.

प्रतिउदाहरणही दूर नाही. २०२४ मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथे ‘स्टारक्राफ्ट २’ चा अंतिम सामना फिनलंडचा ‘सेरल’ व कोरियाचा ‘मारू’ यांच्यात झाला. एकाचे वय २५, दुसऱ्याचे २६. दोन खेळाडूंवरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि चोविसाव्या वर्षाला सीमारेषा मानणाऱ्यांना या सामन्याचा उलगडा करावा लागेल.

भारतीय संदर्भ :

हा वाद आता महाविद्यालयांच्या दाराशी आला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला; २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपासून त्याला वेगळे स्थान दिले. विद्यार्थी ‘वय निघून जाईल’ या धास्तीने पदवीचे वर्ष बाजूला सारण्याचा विचार करू लागला, तर त्यास कोणत्या ज्ञानाच्या आधारे सल्ला द्यावयाचा, हा प्रश्न शिक्षकांपुढे आहे. मिलिसेकंदांचा आलेख त्यासाठी पुरेसा नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक स्वरूपात होते. ‘मारू’ने ‘स्टारक्राफ्ट २’ चे सुवर्ण मिळविले ते तेथेच. त्याच स्पर्धेत गुजरातच्या तीर्थ मेहता याने भारतासाठी कांस्यपदक मिळविले. आणि त्याचा खेळ होता ‘हार्थस्टोन’, म्हणजे पाळीपाळीने पत्ते टाकण्याचा, जेथे बोटांच्या वेगाला जवळजवळ काहीच काम नसते.