कष्ट, योग आणि ओळख : उद्योजकचरित्रांच्या वाचनाचा एक प्रश्न

उद्योजकांची चरित्रे व आत्मचरित्रे हा मराठीतील लोकप्रिय वाङ्मयप्रकार असला, तरी समीक्षेने त्याची दखल अभावानेच घेतली आहे. साहित्याच्या अभ्यासकांना ही पुस्तके पुरेशी वाङ्मयीन वाटत नाहीत आणि वाणिज्य शाखेच्या अभ्यासकांना ती पुरेशी शास्त्रीय वाटत नाहीत. परिणामी ती ग्रंथालयातील प्रेरणादायी पुस्तकांच्या कपाटात जाऊन बसतात. तेथून ती बाहेर येतात ती उद्योजकता विकास शिबिरांतील व्याख्यानांसाठी आणि वार्षिक पारितोषिक समारंभासाठी. ज्या वाङ्मयाचा आपल्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याशी एवढा निकटचा संबंध जोडला जातो, त्याचे चिकित्सक वाचन मात्र आपण करीत नाही. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जीवनकथा समोर ठेवून, या कथनांत कष्ट, दैव आणि व्यक्तिगत संबंध यांना कोणकोणती स्थाने दिली जातात, हे तपासावयाचे आहे.

प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल. या कथनांत कष्ट हे यशाचे कारण म्हणून येतात, दैव हे कथेची रंगत वाढविणारे वळण म्हणून येते आणि व्यक्तिगत संबंध मात्र ऋणनिर्देश म्हणून येतात. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण ज्याचे ऋण मानले जाते, त्याची मोजदाद केली जात नाही. कृतज्ञतेच्या भाषेत सांगितलेले भांडवल वाचकाला भांडवल म्हणून दिसतच नाही.

लक्ष्मणरावांची कथा सर्वपरिचित आहे. १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळले. रंग सुटले, रेषा राहिली आणि ते यंत्राच्या आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली असे सांगितले जाते. बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, नगरपालिकेने जागा सोडावयास लावल्यावर औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेला निवडुंगाने भरलेला माळ आणि १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, असा हा प्रवास आहे.

शंतनुराव किर्लोस्करांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असे नाव दिले. हे शीर्षक या संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे सूत्र म्हणून वाचता येते. निवडुंग म्हणजे कष्ट, गुलाब म्हणजे यश. एकातून दुसरे कसे झाले, हा कथेचा विषय. पण ज्या जमिनीत निवडुंग होता आणि पुढे गुलाब फुलले, ती जमीन कोणाची होती आणि ती का मिळाली, हा प्रश्न शीर्षकाच्या बाहेर राहतो. तो कथेच्याही कडेलाच राहतो.

आता हीच कथा संबंधांच्या बाजूने वाचून पाहू. जे. जे. कलाशाळेत जाण्यास वडिलांचा विरोध होता. पैसा पुरविला तो थोरले बंधू रामुअण्णा यांनी. सायकलींचा व्यवसाय हाही दोन भावांनी मिळून केलेला व्यवसाय होता. लक्ष्मणराव मुंबईत असताना तेथून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. १८८८ हे ज्या उद्योगसमूहाचे स्थापनावर्ष मानले जाते, त्याच्या नावातच ‘ब्रदर्स’ आहे. दुसरे बंधू वासुदेवराव सोलापुरात डॉक्टर होते. शंतनुरावांचा जन्म १९०३ मध्ये सोलापुरातच झाला. नोकरी सोडून देण्याचे धाडस ज्याला म्हटले जाते, त्याच्या पाठीशी एक शिक्षित, मिळवते आणि एकमेकांना धरून असलेले कुटुंब होते. यामुळे धाडसाचे मोल कमी होत नाही. परंतु ज्याच्या पगारावर दोन वेळची चूल अवलंबून आहे, त्याने राजीनामा देणे आणि ज्याचा थोरला भाऊ दुकान सांभाळतो आहे, त्याने राजीनामा देणे या दोन क्रियांना एकच शब्द वापरणे समीक्षेला परवडणारे नाही.

लोखंडी नांगराचा प्रसंगही पुन्हा वाचण्यासारखा आहे. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सर्वत्र सांगितले जाते. कथनात हा प्रसंग उद्योजकाची चिकाटी आणि शेतकऱ्याचे अज्ञान यांच्यातील संघर्ष म्हणून येतो. पण एक हंगाम वाया गेला तर सावकाराच्या दारात उभे राहावे लागेल, अशी ज्याची स्थिती होती, त्याने नवे औत आधी दुसऱ्याच्या शेतात चालताना पाहू असे ठरविले असेल, तर त्याला अज्ञान म्हणावे काय? दोन वर्षे थांबण्याची ऐपत कारखानदारापाशी होती. शेतकऱ्यापाशी ती एका हंगामाचीही नव्हती. या प्रसंगात दोन पक्षांच्या जोखमीतील अंतर दडलेले आहे आणि चरित्रकाराचे लक्ष फक्त एका बाजूकडे आहे.

औंधचा प्रसंग मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, कलेचे मर्मज्ञ होते. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या यांत्रिकाशी त्यांचा स्नेह जुळावा, हे स्वाभाविक होते. ज्या कलाशाळेतील शिक्षण रंगांच्या दोषामुळे फुकट गेले असे वाटत होते, त्या शिक्षणाने दिलेली रुची आणि वर्तुळ पुढे असे उपयोगी पडले असेल, तर दैवाच्या वाटेवरही ओळखच उभी होती असे म्हणावे लागते. जागा मिळाली, कर्ज मिळाले आणि तेही रेल्वे स्थानकालगत. ब्रिटिश हद्दीतील नगरपालिका जेथून उठविते, तेथून दूर एक संस्थानिक आपल्या शब्दावर बसवू शकतो, ही त्या काळच्या राज्यव्यवस्थेतील फट होती. लक्ष्मणरावांचे द्रष्टेपण असे की त्यांनी ती फट ओळखली. पण फट त्यांनी निर्माण केली नव्हती.

येथे एक आक्षेप संभवतो. औंधच्या अधिपतींनी केवळ मित्राला मदत केली असे नाही. ओगलेवाडीचा काच कारखाना आणि त्याचा घरोघरी पोहोचलेला ‘प्रभाकर’ कंदील यांच्यामागेही त्याच दरबाराचे उत्तेजन होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरील जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, असेही सांगितले जाते. शाहू महाराज ब्राह्मणेतर चळवळीचे पुरस्कर्ते. तेव्हा या साहाय्याला जातीच्या आपुलकीचा हिशोब लावता येत नाही. १९०६ मध्ये स्वतः कापडगिरणी उभारणाऱ्या राजाचे ते औद्योगिक धोरण होते. हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो माझ्या प्रतिपादनाला पूरकच वाटतो. ज्याला आपण लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील मोठ्या मनाच्या माणसांची भेट म्हणून वाचतो, तो काही अंशी संस्थानी धोरणाचा इतिहास आहे. धोरणाचे रूपांतर स्नेहात करणे ही चरित्रवाङ्मयाची सवय आहे. त्यातून कथा हृद्य होते, इतिहास मात्र पुसट होतो.

वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात दैवाची भूमिका अधिक ठळक आहे. सोलापूरच्या सावकारी-व्यापारी घरातील या तरुणाने रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटकांशी भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारीला आरंभ केला. एकाजवळ घराण्याची पत होती, दुसऱ्याजवळ कामाची माहिती. ही भागीदारी म्हणजे दोन भिन्न जगांतील ओळखीचा उत्तम नमुना आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला ‘दुर्बल संबंधांचे बळ’ हा सिद्धान्त येथे आठवतो. अगदी जवळच्या माणसांकडे आपल्याजवळ असते तीच माहिती असते, नवी संधी बहुधा दूरच्या परिचितांकडून येते, असे त्याचे सार आहे.

पण वालचंदांच्या कथेतील सर्वांत गाजलेला योग १९३९ मधील आहे. प्रशांत महासागरावरील विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान उद्योजकाशी गाठ पडली. त्या संभाषणातून विमान कारखान्याची कल्पना पुढे गेली, म्हैसूर संस्थानाने जागा व भांडवल दिले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. विमानात शेजारी कोण बसेल हे दैवावर अवलंबून असते, हे खरे. परंतु १९३९ मध्ये त्या विमानात बसू शकणारे भारतीय किती होते? दैव आंधळे असते असे आपण म्हणतो, पण त्याची आसने तिकीट काढूनच मिळत होती. शिवाय भेट झाल्यानंतर तिचे कारखान्यात रूपांतर करण्यासाठी म्हैसूरच्या दरबारापर्यंत पोहोच हवी होती. ती जहाज व्यवसायातील वीस वर्षांनी आणि १९१९ पासूनच्या सिंधिया कंपनीच्या लौकिकाने दिली. तेव्हा योग आणि ओळख हे दोन स्वतंत्र घटक मानण्याची पद्धतच सदोष आहे. ओळखीच्या जाळ्याला योग अधिक अडकतात, कारण ते जाळे अधिक पाण्यात पसरलेले असते.

या विवेचनाचा आपल्या अध्यापनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले आहेत, शेतमजुरांची आहेत, पहाटे दूध घालून पहिल्या तासाला बसणारी आहेत. कष्टाची यांच्याकडे वाण नाही. कष्ट हे यशाचे कारण असते, तर ही मुले केव्हाच कारखानदार झाली असती. लक्ष्मणरावांच्या चरित्रावर लिहावयास सांगितलेल्या एका निबंधात एका विद्यार्थ्याने लिहिले होते, की त्यांना राजा भेटला, आम्हाला तलाठी भेटतो. निबंधाच्या दृष्टीने ते वाक्य विषयांतर होते. समीक्षेच्या दृष्टीने त्या गठ्ठ्यातील तेच एक वाचन होते. अशा विद्यार्थ्यापुढे ‘जिद्द असेल तर मार्ग सापडतो’ हे वाक्य आपण ठेवतो, तेव्हा मार्ग न सापडल्यास जिद्द कमी पडली असा निष्कर्ष त्याच्या माथी आपणच मारतो. तो निष्कर्ष तो घरी घेऊन जातो.

वास्तविक राजाची जागा नियमाने घ्यावी, असा प्रयत्न या राज्यात झालेला आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे औंधच्या माळाचे कायद्यातील रूप होय. जमीन, रस्ता, पाणी, वीज या गोष्टी स्नेहावर नव्हे, तर अर्जावर मिळाव्यात ही त्यामागील कल्पना. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेने अनुसूचित जाती-जमातींतील व स्त्री उद्योजकांसाठी दहा लाख ते एक कोटी रुपयांचे कर्ज प्रत्येक बँक शाखेतून देण्याचे ठरविले. पण अर्ज भरून झाल्यावर तो पुढे सरकण्यासाठी, पहिली मागणी मिळण्यासाठी, उधारीवर कच्चा माल मिळण्यासाठी जी ओळख लागते, ती कोणत्याही योजनेच्या परिपत्रकात नसते. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या ‘डिक्की’ या संघटनेचे महत्त्व मला येथे दिसते. ज्यांना पिढीजात ओळखी नाहीत, त्यांनी त्या संस्थारूपाने उभ्या करण्याचा तो प्रयत्न आहे. खेदाची बाब अशी, की दलित उद्योजकांविषयीचे लेखनही पुष्कळदा त्याच जुन्या साच्यात जाते. हालअपेष्टा, जिद्द, यश. देवेश कपूर, डी. श्याम बाबू आणि चंद्रभान प्रसाद यांच्या २०१४ मधील इंग्रजी ग्रंथाचे शीर्षकही प्रतिकूलतेवर मात करण्याचाच निर्देश करते. पहिले गिऱ्हाईक कोणी मिळवून दिले, पहिला जामीन कोण राहिला, हे प्रश्न अशा कथांत विचारले गेले, तर ओळखीशिवाय उभे राहिलेल्या माणसाने ओळख कशी घडविली याचा मौलिक दस्तऐवज हाती येईल.

विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे या प्रकारातील अलीकडचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक असावे. त्याची शैली गप्पांची आहे, वेग विलक्षण आहे. त्यात वडिलांनी उभा केलेला हॉटेल व्यवसाय लपविलेला नाही, हे त्याचे प्रांजळपण. तरीही वाचक लक्षात ठेवतो तो मुलाचा संघर्षच. म्हणजे दोष केवळ लेखकाचा नाही. कष्टाची कथा ऐकण्याची भूक वाचकाची आहे, आणि आपण शिक्षक तिला खतपाणी घालतो.

किर्लोस्करवाडीच्या कथेत आणखी एक प्रसंग आहे. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांची जी जाळपोळ झाली, तिची झळ कारखान्यालाही लागली. चरित्रांत हा प्रसंग संकट व त्यावरील मात म्हणून येतो आणि तो तसा होताही. मात्र तोवर हरिहर, बंगळूर व पुणे येथे या कुटुंबाचे कारखाने उभे राहिले होते. १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’पासून वाढत गेलेला मासिकांचा मोठा वाचकवर्ग पाठीशी होता आणि नाव घरोघर पोहोचले होते. जळलेले पुन्हा उभारता आले. त्याच दिवसांत आसपासच्या खेड्यांतून ज्यांची घरे, छोटी दुकाने, पेढ्या जळाल्या, त्यांतील अनेकांना गाव सोडून पुण्या-मुंबईची वाट धरावी लागली. त्यांच्यातही कोणी चिकाटीचा माणूस असणारच. त्याच्या दुकानाचे पुढे काय झाले, याची नोंद आपल्या ग्रंथालयाच्या त्या कपाटात नाही.