मंगळावरचा मिथेन : आकडा आणि पुरावा

‘मंगळावर मिथेन सापडला, म्हणजे तिथे जीवसृष्टी असणारच’ हे विधान वर्गात अनेकदा ऐकू येते. त्यातल्या दोन्ही पायऱ्या तपासून पाहाव्यात, असे आम्हाला वाटते.

हे मोजमाप नासाच्या क्युरिऑसिटी गाडीवरील लेझर वर्णपटमापकाचे. त्याची पद्धत उत्तम आहे. मिथेनचे रेणू ३.२७ मायक्रॉनच्या आसपासचे ठरावीक अवरक्त किरण शोषतात. लेझरची तरंगलांबी त्या भागात किंचित सरकवत नेली की नेमक्या त्या जागी प्रकाश घटतो. वायू अत्यल्प असल्यामुळे सुमारे २० सेंटीमीटरच्या नळीत आरशांच्या साहाय्याने किरणाच्या ८१ फेऱ्या होतात, वाट १६.८ मीटर होते. लगतच्या तीन शोषणरेषा जुळत असल्यामुळे वायू मिथेनच, याविषयी शंका उरत नाही.

पण तो कुठला? नळीत शिरण्यापूर्वी किरण एका छोट्या कप्प्यातून जातो. त्यात उड्डाणापूर्वीच पृथ्वीवरची मिथेनयुक्त हवा शिरली होती. नासाचेच शास्त्रज्ञ केविन झान्ले यांनी यावर बोट ठेवले. नळी एकदा रिकामी आणि एकदा भरलेली ठेवून मोजतो व फरक घेतो, असे संशोधकांचे उत्तर आहे. ते सबळ आहे, पण आमच्या मते पुरेसे नाही. दोन्ही मोजमापांच्या दरम्यान कप्प्यातील वायू स्थिर राहिला, हे त्यात गृहीत धरावे लागते.

आकडेही बुचकळ्यात टाकतात. २०१३ मध्ये ‘मिथेन नाही’, २०१४ मध्ये अब्जात सुमारे ७ भाग, जून २०१९ मध्ये २१, आणि काही दिवसांतच १ पेक्षा कमी! युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बायटरला मात्र २०१८ पासूनच्या निरीक्षणांत ०.०५ भागही आढळला नाही. वायू रात्री जमिनीलगत साचतो व दिवसा विरतो, असे स्पष्टीकरण २०२१ मध्ये पुढे आले. परंतु सूर्यप्रकाशाने मिथेन नष्ट व्हायला सुमारे ३०० वर्षे लागतात. मग विरलेला वायू वातावरणात साठत का नाही?

दुसरी पायरी तर आणखी कच्ची आहे. पाणी आणि काही खडक यांच्या अभिक्रियेतूनही मिथेन तयार होतो. त्याला सजीव लागत नाहीत.

व्हर्निअरची शून्यांक त्रुटी वजा करायला आपण शिकवतोच. यंत्र कितीही महागडे असले, तरी ‘रिकाम्या नळीने काय दाखवले?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायलाच हवा.